टाकीचं नाक

लाँच पुन्हा तिथेच थांबली. धक्का सोडून बावीस मिनिटं झालेली, समोरचं बेट जवळ आलेलं, उतारूंनी उतरायच्या तयारीनं पिशव्या मांडीवर घेतलेल्या. इंजिनानं दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली.

"आलं हिचं माहेर," मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली. "आता पाणी प्यायल्याशिवाय उठायची नाही."

लोक हसले. आठवडाभर ते याच विनोदाला हसत होते, पण हसू रोज थोडं पातळ होत चाललं होतं.

लाँचच्या मालकाला सगळे कप्तान म्हणत. हे बेट आणि तो धक्का यांच्या पलीकडे तो आयुष्यात कधी गेला नव्हता, तरीही म्हणत. कप्तान चाक सोडून मागं आला. इंजिनाच्या झाकणफळीशी धाकटी बसली होती, तिच्याकडे बघत उभा राहिला. लाँच रंगवायला किनाऱ्यावर ओढली होती तेव्हा तिची डिझेलची टाकी बदलली होती; पावसाळा संपून ती पाण्यात उतरली त्याला आठवडाच झाला होता. टाकी धाकटीच्या बाबांनी बसवली होती. त्यानंतर अकराव्या दिवशी बाबांची डावी बाजू गेली, वाचा गेली, आणि ही टाकी त्यांचं शेवटचं काम ठरली.

धक्क्यावर त्यांना मिस्त्री म्हणत. दुसरे मिस्त्री होते, त्यांना नावं होती. यांना नुसतं मिस्त्री. मिस्त्रींच्या हातचं काम परत आलंय असं कुणी ऐकलं नव्हतं, आणि आता आठवडाभर ते रोज, उतारूंसकट, अर्ध्या पाण्यातून परत येत होतं.

"फिल्टर?" कप्तानानं शेवटी विचारलं.

"काल बदलला."

"पंप?"

"परवा बघितला."

"मग?"

धाकटी उठली. डेकवर टाकीचं तोंड होतं, तिथलं पितळी झाकण तिनं पान्यानं सैल केलं. आतून आवाज आला, सुस्सऽऽ, लांबलचक. बुडालेलं माणूस वर येऊन छातीभर हवा ओढतं, तसा. तिनं झाकण तसंच अर्धवट ठेवलं आणि कप्तानाला म्हणाली, "लाव."

इंजिन पहिल्या हाकेला उठलं. बाकांवरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे टाकी गुदमरत होती," धाकटी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तो तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. दोन महिने तिला सगळंच तसं ऐकू येत होतं. "डिझेल जितकं इंजिनात जातं तितकी हवा टाकीत यायला हवी. ती येत नाही. इंजिन ओढतंय, टाकी सोडत नाही."

"मग झाकण असंच सैल ठेवून चालवू की."

"लाटेचं पाणी आत जाईल. इंजिन डिझेल पितं, पाणी नाही."

"माझ्या बायकोसारखं बोलू नकोस," कप्तान म्हणाला आणि चाकाकडे गेला. दोन पावलं जाऊन परत वळला. "धाकटे, तुझ्या बाबांची चूक आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

विचार न करताच म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला कळलं, की आता ते खरं करून दाखवावं लागणार. बाबांना काही सांगता येत नव्हतं. त्यांच्या तर्फेनं आता हे एकच काम बोलणार होतं.

*

हवा यायला टाकीच्या माथ्यावरून एक रबरी नळी निघते. डेकखालून वर चढत लाँचच्या कुशीला बाहेर उघडते. बाहेर तिला अंगठ्याएवढं पितळी टोक असतं, त्यावर बारीक जाळी. बाबा त्याला टाकीचं नाक म्हणायचे. काम करताना ते एक गाणं म्हणत, त्यांनीच जुळवलेलं, चालही त्यांचीच, आणि ती दरवेळी थोडी वेगळी लागायची:

*वाऱ्याला वाट वरची गं बाई, तेलाला वाट खालची,*
*पोट सुटलेली नळी गं बाई, नाही कुणाच्या कामाची.*

कप्तान जवळ असला की दुसरी ओळ त्याच्या पोटाकडे बघून म्हणायचे. कप्तान म्हणायचा, "मिस्त्री, हे पोट नाही, बोया आहे. बुडालो तर तुम्हीच धराल."

धक्क्याला लागल्यावर धाकटी दगडांवर पालथी झोपली आणि लाँचच्या कुशीला हात घालून तिनं नाक चाचपलं. जाळी फाटली होती. आत काहीतरी टणक लागलं. तिनं तारेचं टोक घालून उकरलं. तळहातावर मातीचा एक कोरडा, गोल तुकडा पडला, आत पोकळ, बोराएवढा.

दोर टाकणारा लांब्या वाकून बघत होता. उंचीमुळे त्याला लांब्या म्हणत आणि तो वाकला की अर्धा दिवस गेल्यासारखं वाटे. "कुंभारीण माशी," तो म्हणाला. "आमच्या खिडकीच्या भोकात करते घर. हे तिचंच मडकं."

लाँच किनाऱ्यावर होती, तेव्हा माशीनं नाकात घर बांधलं होतं. कुणाच्याही हातून न झालेली चूक.

कप्तानानं तो तुकडा तिच्या हातातून घेतला आणि धक्काभर मिरवला. तिकिटाच्या खिडकीत दाखवला, जाळी विणणाऱ्यांना दाखवला. "बघा! मी आधीपासून म्हणत होतो. मिस्त्रींच्या हातून चूक होणारच नाही. माशी! एवढीशी माशी, आणि आठवडाभर माझ्या नाकात दम आणला."

"तुझ्या नाही, टाकीच्या," जाळीवाल्यांतला एक म्हणाला.

तरी एकदा फुंकून बघायला हवं होतं. ही बाबांची रीत. बाबा नळीच्या एका टोकाला तोंड लावायचे, आणि धाकटी दुसऱ्या टोकाशी गाल नेऊन बसायची. सात वर्षांची होती तेव्हापासून. बोटाला वारा कळत नाही, गालाला कळतो, असं ते म्हणत. ते फुंकायचे आणि विचारायचे, "आला?" ती म्हणायची, "आला." तिनं आला म्हटल्याशिवाय ते क्लिप आवळायचे नाहीत. पुढं ती मोठी झाली, हत्यारांची पेटी तिच्या हातात आली, तरी गाल तिचाच असायचा.

आज तिनं झाकणफळीतून नुसतं वाकून, अंधारात चाचपून नळीचं टाकीवरचं टोक सोडवलं आणि लांब्याला बाहेर गाल लावायला सांगितला. तिनं फुंकलं.

"आला?" तिनं आतून ओरडून विचारलं.

"कोण?"

"वारा!"

"आला की. गुदगुल्या होतायत."

नळी मोकळी होती. धाकटीनं टोक परत टाकीला लावलं, नवी जाळी बसवली, हात पुसले आणि घरी निघाली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं रस्त्यात थांबून वाट पाहिली, वाटतंय का. काही वाटलं नाही. एक सायकल घंटा वाजवत तिला वळसा घालून गेली.

*

घरात पलंग खिडकीपाशी ओढला होता. आई बाबांच्या मानेखाली टॉवेल धरून त्यांना चमच्यानं भात भरवत होती. दोन महिन्यांत आई इतकी हळू झाली होती की तिचा प्रत्येक चमचा मोजता आला असता.

"सापडलं," धाकटी म्हणाली. "नाकात कुंभारीण माशीनं घर केलं होतं. तुमचं काम चोख होतं, बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आता अर्धाच हलायचा, म्हणून त्यांना काय वाटतं ते अर्धंच कळायचं. त्यांनी उजवा हात चादरीवर ठेवला. बोट टेकवलं, आणि डावीकडून उजवीकडे ओढत नेलं. मध्ये खाली, मग पुन्हा वर. परत तसंच. खाली, मग वर.

"चादर चुरगळलीय त्यांची," आई म्हणाली.

धाकटीनं चादर ताणून सरळ केली. बाबांनी डोळे मिटले.

कपाटावर दवाखान्याचे कागद होते. त्यांच्यावर एक प्लॅस्टिकचं खेळणं: नळीतून फुंकलं की आतला चेंडू वर जातो. व्यायाम घेणारी बाई ते देऊन गेली होती. रोज दहा वेळा फुंकायचं. बाबा तोंड फिरवायचे. खेळण्यात फुंकणं त्यांना पटत नव्हतं, की ओठ जुळत नव्हते म्हणून लाज वाटत होती, ते विचारता येत नव्हतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरनं विचारलं होतं, "याआधी काही जाणवलं होतं? हात जड पडणं, वस्तू सुटणं, चप्पल पायातून निसटून जाणं?"

आईनं धाकटीकडे पाहिलं, धाकटीनं आईकडे. "नाही," दोघी म्हणाल्या होत्या. "काहीच नाही. अगदी धडधाकट होते."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच बाविसाव्या मिनिटाला थांबली.

यावेळी कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरची बाई म्हणाली, "माशी परत आली वाटतं," पण तेही खालच्या आवाजात, धाकटीला ऐकू जाऊ नये इतपत. म्हणून तिला ते नेमकं ऐकू गेलं.

कप्तान आला. त्याचं तोंड उतरलं होतं. "काल फुंकलंस ना?"

"फुंकलं. मोकळी होती."

"मग आज काय झालं? भरताना पण टाकी ओकते, सांगायचं राहिलं. डिझेल घेताना पाईप जरा जोरात सोडला की भस्सकन तोंडातून बाहेर. जुनी असं करायची नाही."

"हे कालच सांगायचं ना."

"काल तू माशी सापडवलीस. कालचा दिवस चांगला होता, म्हटलं कशाला."

धाकटीनं काल धक्क्यावर फुंकलं होतं, इंजिन थंड असताना. गुदमरते ती बावीस मिनिटांनी, इंजिन तापल्यावर. म्हणजे बघायचं ते आत्ता, इथेच, तापलेलं असतानाच. तिनं झाकण सैल केलं नाही. टॉर्च दातांत धरला आणि झाकणफळी उचलून आत उतरली.

खाली तेलाची, तापलेल्या लोखंडाची हवा होती. टाकी आणि लाँचची कूस यांच्या मध्ये जेमतेम एका माणसाची जागा, तीही आडव्या माणसाची. ती आडवी होऊन सरकली. टाकीच्या माथ्यावर हात नेला, नळी सापडली, आणि तिच्या अंगावरून तिनं बोटं पुढं चालवली.

नळी वर जात नव्हती. खाली जात होती.

टाकीवरून निघून ती खाली लोंबत होती, चांगली हातभर, आणि मग पुन्हा वर चढून नाकाला जोडलेली. मध्ये पोट. पोटात डिझेल साठलेलं, बोटानं दाबल्यावर हललं. आणि त्या पोटाच्या एका वितीवर इंजिनाचा धुराचा पाईप, हात टेकवता येऊ नये इतका तापलेला. त्या धगीनं रबर मऊ पडून जिथं वळत होतं तिथं चपटं झालं होतं. मुडपलेला कान असतो तसं. थंड झालं की ते पुन्हा उघडणार, धक्क्यावर कुणी फुंकलं की वारा जाणार. तापलं की मिटणार.

तिनं टॉर्च हातात घेतला. क्लिप कुठं आहे ते पाहिलं. जुन्या टाकीची एक पट्टी खाली राहिली होती, गुडघ्याच्या उंचीवर, तिच्यावर नळी अडकवली होती. क्लिपही एकच, तीही वाकडी. असं काम बाबांचं नव्हतं. असं काम एखाद्या शिकाऊ पोरानं केलं असतं तर बाबांनी त्याला गाणं म्हणायला लावलं असतं, दहा वेळा, धक्क्यावर उभं करून.

मग तिनं टॉर्च वर केला.

वर, डेकच्या तुळईवर, जिथं नळी असायला हवी होती, तिथं पेन्सिलीची फुली होती. बाबांची फुली: एक रेघ लांब, एक आखूड. तिच्या दोन्ही बाजूंना स्क्रूसाठी पाडलेली दोन भोकं. मापानं, सरळ. आदल्या दिवशी येऊन त्यांनी जागा आखून ठेवली होती. त्यांना माहीत होतं. जागा बरोबर होती. नळी फक्त तिथं पोचली नव्हती.

धाकटी तशीच पडून राहिली. वर कुणाची तरी पावलं वाजत होती.

तिनं टॉर्च छातीवर ठेवला. डाव्या हातानं नळी उचलून फुलीपर्यंत नेली आणि उजव्या हातानं पेचकस धरल्याचं करून पाहिलं. जमलं. सोपं होतं, दोन हात असले तर. मग तिनं डावा हात खाली घेऊन अंगाशी आवळून धरला, आणि एकट्या उजव्या हातानं करून पाहिलं. नळी वर नेली, की पेचकस धरायला हात नाही. पेचकस धरला, की नळी सुटते. तिनं तीन वेळा केलं. तिन्ही वेळा नळी सुटून खाली आली आणि त्याच जुन्या पट्टीवर येऊन पडली. एका हाताच्या माणसाला या जागेत तेवढी एकच जागा होती.

तो दिवस तिला आठवत होता. विसरला नव्हताच, नुसता कधी उघडून बघितला नव्हता.

बाबा म्हणाले होते, "तू वरच थांब आज." कधी म्हणत नसत. दहा मिनिटांचं काम. तिनं वरून दोनदा विचारलं होतं, "झोपलात का?" खालून उशिरानं उत्तर आलं, "आलो, आलो." त्या दिवशी त्यांनी तिला गाल लावायला सांगितला नाही. पाऊण तासानं घामाघूम होऊन वर आले, शिडीवरून उतरले, किनाऱ्यावर दहा पावलं गेले, आणि त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. वाळूत तो पाय उघडा पडत होता आणि त्यांना कळतच नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली होती, "एक पाय आत विसरलात."

कप्तान हसला होता. ती हसली होती. बाबांनी पायाकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "असं होय."

मग चप्पल आणायला तीच खाली उतरली होती. इथंच. चप्पल टाकीच्या कडेला पडलेली, तिनं ती हात लांब करून उचलली आणि वर चढली. नळी तिच्या डोक्याशी लोंबत असणार. तिनं मान वळवली नव्हती. तिच्या एका हातात चप्पल होती आणि ती अजून हसत होती.

तिनं वाट पाहिली, रडू येतंय का. आलं नाही. डाव्या हाताला नुसत्या मुंग्या आल्या होत्या, आवळून धरल्यामुळे. तिनं तो सोडला, आणि सरकत सरकत बाहेर आली.

"झाकण सैल कर," ती कप्तानाला म्हणाली. "यांना पोचवू. दुपारची फेरी नाही करायची."

*

दुपारी तिनं जुनी नळी काढली. पोटातलं डिझेल डब्यात ओतलं. नवी नळी घेतली, लांबी मोजून कापली, टाकीवरून सरळ वर तुळईला नेली. फुलीवर क्लिप लावली. भोकं तयारच होती, स्क्रू नीट मापात बसले. दोन महिने ती भोकं त्या स्क्रूंची वाट बघत होती.

मग लाँच काढली, रिकामी. उतारू नव्हते तरी धक्क्यावरची निम्मी मंडळी चढून बसली. बावीस मिनिटं झाली. लांब्या घड्याळ बघत होता, मोठ्यानं म्हणाला, "तेवीस." "चोवीस." बेट आलं. वळसा घालून परत आली, एकदाही न अडखळता.

"आज माहेर विसरली बया," जाळीवाला म्हणाला.

कप्तानानं दोर बांधू दिला, आणि मग धाकटीला बाजूला घेतलं. त्याला कळलं होतं. नवी नळी, हातात जुनी नळी, आणि मुलीचा चेहरा, तिन्ही मिळून काय होतं ते त्याला वाचता येत होतं.

"माशीच म्हणू," तो हळूच म्हणाला. "मी सगळ्यांना सांगून बसलोय. अजून एक मडकं होतं आत, खोल. काल दिसलं नाही, आज दिसलं. कुणाचं काय जातंय? मिस्त्रींचं शेवटचं काम आहे गं."

त्याला ते मनापासून हवं होतं. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. काल तिलाही तेच हवं होतं. माशी सगळ्यांच्या सोयीची होती. माशीला चप्पल नव्हती.

"नाही," ती म्हणाली. आणि धक्क्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "नळी खाली बसली होती. बाबांनी बसवली होती. जागा त्यांनी बरोबर आखली होती, वर फुली आहे, कुणीही उतरून बघा. पण त्या दिवशी त्यांचा डावा हात चालत नव्हता. आजार आधीच सुरू झाला होता. मी वर उभी होते. मला कळलं नाही."

जाळी विणणारे हात थांबले. कुणी उतरून बघितलं नाही. लांब्यानं डोक्यावरची टोपी काढली, आणि काढून काय करायचं ते न कळून परत घातली.

कप्तान पाण्याकडे वळला. "त्या चपलेला मी हसलो होतो," तो म्हणाला.

"मी आधी हसले."

"तू हसलीस म्हणून मी हसलो."

"हो," धाकटी म्हणाली. जुनी नळी तिनं गुंडाळून खांद्यावर टाकली.

*

घरी आई अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती. धाकटीनं तिला सगळं सांगितलं. एकापुढे एक, जसं झालं तसं, अवजारं पुसून पेटीत ठेवावीत तसं.

आईनं ऐकून घेतलं. हातातला शर्ट घडी करता करता ती थांबली. "शर्टाची बटणं," ती म्हणाली. "त्या आठवड्यात मला लावायला सांगायचे. मी म्हटलं, म्हातारपणी लाडात आलेत. लावून दिली." तिनं शर्टाची घडी पुरी केली. मग ती मोडली आणि पुन्हा घातली. "डॉक्टरला मी नाही म्हणाले."

"मी पण."

दोघी आत आल्या. बाबा जागे होते. धाकटी पलंगावर बसली आणि तिनं नळी त्यांच्या मांडीवर ठेवली. एक टोक तिनं आपल्या हातात धरलं, दुसरं त्यांच्या उजव्या हातात दिलं. मधला भाग चादरीवर लोंबला, जसा तिथं लोंबत होता तसाच. इतके दिवस तापून त्याला तोच आकार बसला होता.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांनी टोक सोडलं, बोट चादरीवर टेकवलं, आणि पोटाच्या कडेकडेनं ओढत नेलं. डावीकडून उजवीकडे. मध्ये खाली, मग वर.

काल ते हेच सांगत होते आणि तिनं चादर सरळ केली होती.

"हो," ती म्हणाली. "तिथंच होतं. काढलं मी. फुलीवर बसवली."

बाबांनी मान हलवली नाही. त्यांनी उजवा हात नळीच्या पोटाखाली घातला आणि ती हळूहळू वर उचलली. नळी तेवढी सरळ होत नव्हती, म्हणून धाकटीनं आपला डावा हात त्यांच्या हाताशेजारी खालून लावला. दोघांनी मिळून ती उचलून धरली. पोट गेलं. चपटा कान उघडला.

मग बाबांनी तोंड नळीच्या टोकाकडे नेलं.

"अहो," आई म्हणाली.

धाकटीनं टोक त्यांच्या ओठांत दिलं. डावीकडून ओठ मिटत नव्हता, तिथं तिनं आपला अंगठा दाबून धरला. दुसरं टोक तिनं गालाशी नेलं. तिची मान वाकडी झाली होती, तिला फक्त खिडकीची चौकट आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल दिसत होता. बाबांच्या छातीतून घरघर ऐकू आली. काही आलं नाही. थोडं थांबून पुन्हा घरघर झाली. ती तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत तिनं कधी न आलेला वारा आला म्हटलं नव्हतं, आणि आजही म्हणणार नव्हती.

तिसऱ्यांदा काहीतरी लागलं. डिझेलच्या वासाचं, कोमट, धाग्याएवढं. गालाच्या एका बिंदूवर. तिथं तिला कळलं की गाल ओला आहे, कारण तो वारा ओल्यावर थंड लागला.

बाबांनी टोक सोडलं आणि तिच्याकडे पाहिलं. विचारायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. भुवई होती, उजवी, तेवढी वर गेली.

"आला," धाकटी म्हणाली.

"अगं, डिझेल जाईल त्यांच्या तोंडात," आई म्हणाली आणि टॉवेल ओला करायला आत गेली.